यानाला देह हवा : मराठी विज्ञानकथेतील अंतराळयानाच्या रचनेविषयी

मराठीतील विज्ञानसाहित्याची समीक्षा प्रामुख्याने दोन प्रश्नांभोवती फिरत आली आहे. कथेत विज्ञान किती आणि कथा किती, हा पहिला प्रश्न. आणि या लेखनाला ललित साहित्याच्या पंक्तीला बसवावे की नाही, हा दुसरा. दोन्ही प्रश्न महत्त्वाचे असले तरी ते आशयाचे आहेत. कथेत जी यंत्रे येतात ती कशी घडविलेली आहेत, त्यांना आकार कोणी दिला आणि त्या आकारातून काय सांगितले जाते, हा रूपाचा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला. प्रस्तुत लेखात तो एकाच यंत्रापुरता, म्हणजे अंतराळयानापुरता विचारावयाचा आहे.

आरंभी शब्दाकडे पाहणे उपयुक्त ठरेल. 'यान' हा शब्द 'या' म्हणजे जाणे या धातूपासून आला. यान हे जाण्याचे साधन. महायान, हीनयान या शब्दांत तर ते मार्गच होऊन बसते. या शब्दात गती आहे, आकार नाही. 'विमान' शब्दात मात्र 'मा' म्हणजे मोजणे हा धातू आहे, आणि देवळाच्या गाभाऱ्यावर उभ्या राहणाऱ्या बांधणीलाही शिल्पशास्त्रात विमान म्हणतात. म्हणजे मोजून, आखून उभारलेली वास्तू. हा केवळ व्युत्पत्तीचा विनोद नव्हे. मराठी विज्ञानकथेने यान स्वीकारले ते गतीचे साधन म्हणून. त्याची मोजणी आणि आखणी तिने दुसऱ्यांच्या हाती सोपविली. ते दुसरे कोण, हे पुढे येईलच.

तोफगोळ्यापासून कणा असलेल्या नौकेपर्यंत

मराठी वाचकाची अंतराळवाहनाशी पहिली ओळख झाली ती ज्यूल व्हर्नच्या तोफगोळ्याची. कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या 'केरळकोकिळ' मासिकात १९०० च्या सुमारास 'चंद्रलोकची सफर' हे व्हर्नचे रूपांतर आले. पुढे भा. रा. भागवतांनी 'चंद्रावर स्वारी' व 'मुक्काम शेंडेनक्षत्र' यांसारख्या पुस्तकांतून व्हर्न मराठी मुलांच्या घरात आणून बसविला. मूळ फ्रेंच कादंबरी १८६५ ची. तीत यान म्हणजे अॅल्युमिनियमचा एक पोकळ गोळा, नऊ फूट व्यासाचा. हा धातू त्या काळी महागडा आणि नवलाचा होता. गोळ्याच्या भिंतींना आतून गादी, तळाशी धक्का शोषण्यासाठी पाण्याचा थर, हवेसाठी पोटॅशियम क्लोरेट तापवून निघणारा प्राणवायू, आणि उच्छ्वासातील वायू शोषून घेण्यासाठी दाहक पोटॅश. सोबत कुत्री, कोंबड्या, धान्य, दारू. तोफेतून सुटण्याच्या धक्क्याने या मंडळींचा चेंदामेंदा झाला असता, हे भौतिकशास्त्राचा कोणीही प्राध्यापक पहिल्या मिनिटाला सांगेल. पण येथे एक गोष्ट लक्षणीय आहे. या यानाचा आकार वाचता येतो. अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यामुळे बेकार झालेले तोफखान्यातील तज्ज्ञ ते बांधतात. म्हणून ते तोफगोळ्यासारखे आहे, दुसऱ्या कशासारखे असूच शकत नाही. यंत्राच्या देहात त्याच्या निर्मात्यांचा इतिहास उतरला आहे.

एच. जी. वेल्सचा १९०१ चा गोल याच्या उलट टोकाला जातो. गुरुत्वाकर्षण अडविणाऱ्या एका काल्पनिक पदार्थाचे पडदे उघडायचे-मिटायचे, एवढेच त्याचे चालन. तो धातू आधी दाखवा, असा व्हर्नचा आक्षेप होता. दोघांतील हा वाद विज्ञानकथेच्या इतिहासात वारंवार सांगितला जातो. त्यात बाजू घ्यायचीच तर मी व्हर्नची घेईन, जरी कादंबरीकार म्हणून वेल्स थोर असला तरी.

१९०३ मध्ये त्सिओल्कोव्स्कीने अग्निबाणाचे गणित मांडल्यावर यानाच्या आकाराला एक कठोर नियम मिळाला : वाहनाचा बहुतांश भाग इंधनच असणार. फ्रिट्झ लांगच्या १९२९ मधील मूकपटात हर्मन ओबर्थ सल्लागार होता, आणि त्यातील टप्प्याटप्प्याने गळत जाणारा अग्निबाण हा नियम पाळताना दिसतो. १९४७ नंतर उडत्या तबकड्यांची लाट आली आणि तिने पुन्हा सगळे इंधन अदृश्य करून टाकले. तबकडीबद्दल अधिक लिहिण्याचे कारण नाही. तिला आत आहे की नाही, याचीच तिच्या चाहत्यांना फारशी पर्वा नव्हती.

१९६६ मध्ये 'स्टार ट्रेक' या मालिकेतील 'एंटरप्राइज' आली. तिचा रचनाकार मॅट जेफरीज स्वतः विमानांत वावरलेला माणूस. मालिकेच्या निर्मात्याने त्याला घातलेल्या अटी मोठ्या मजेशीर होत्या : ज्वाला नकोत, शेपटीचे पंख नकोत. म्हणजे अग्निबाणाची सर्व चिन्हे पुसायची. उरलेल्या जागेत जेफरीजने एका कारागिराचा विचार भरला. इंजिने प्रचंड शक्तिमान असतील तर ती माणसांपासून दूर हवीत, म्हणून ती लांब खांबांवर. आणि दुरुस्ती करणाऱ्याला निर्वातात बाहेर पडावे लागू नये, म्हणून बाहेरचा पृष्ठभाग गुळगुळीत. प्रकाशापेक्षा वेगवान प्रवास ही निव्वळ कल्पना होती, परंतु दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रीची काळजी खरी होती. ही नौका प्रेक्षकांना पटली याचे श्रेय मला त्या काळजीला द्यावेसे वाटते.

यापेक्षाही बोलका दाखला १९६८ च्या '२००१ : अ स्पेस ओडिसी' मधील 'डिस्कव्हरी'चा. एका टोकाला माणसांचा गोल, दुसऱ्या टोकाला अणुशक्तीचे इंजिन, मध्ये लांबलचक कणा. किरणोत्सारापासून बचावाचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे अंतर, हे तत्त्व त्या कण्यात आहे. परंतु अशा इंजिनाची उष्णता जाणार कोठे? निर्वातात हवा नाही, पाणी नाही. उष्णता केवळ प्रारणाने बाहेर पडते आणि त्यासाठी मोठमोठे पत्रे पसरावे लागतात. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावरील पांढरे पत्रे नेमके हेच काम करतात. 'डिस्कव्हरी'च्या आराखड्यातही असे पत्रे होते. चित्रपटात ते काढून टाकण्यात आले, कारण प्रेक्षकांना ते पंख वाटले असते आणि निर्वातात पंख कशाला, असा प्रश्न पडला असता. आर्थर क्लार्कच्या कादंबरीत मात्र ते चतुराच्या पंखांसारखे शाबूत राहिले. दृश्य माध्यमाने प्रेक्षकाच्या गैरसमजाला भिऊन जे सत्य सोडले, ते शब्दाने सांभाळले. शब्द हे करू शकतो, ही बाब मराठी कथेचा विचार करताना ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

१९७७ च्या 'स्टार वॉर्स'मधील 'मिलेनियम फाल्कन' आणि १९७९ च्या 'एलियन'मधील 'नॉस्ट्रोमो' यांनी यान मळविले. एक तस्कराचे खटारा जहाज, दुसरे मालवाहू कंपनीचे, जिथे नोकर मजुरीवरून कुरकुरतात. यान हे कामाचे ठिकाण आहे, ही जाणीव त्यांनी दिली. दरम्यान कल्पनेबाहेरही एक यान आखले जात होते. ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीच्या अभियंत्यांनी १९७३ ते १९७८ या काळात बार्नार्डच्या ताऱ्याकडे जाणाऱ्या मानवरहित 'डीडॅलस' यानाचा अभ्यास केला. सुमारे ५४ हजार टन वजन, त्यातील ५० हजार टन इंधन, आणि प्रवास सुमारे पन्नास वर्षांचा. ताऱ्यांच्या अंतराचा अर्थ हे आकडे जितका स्पष्ट करतात तितका शंभर कथा करीत नाहीत. म्हणूनच माणसांना घेऊन जायचे तर यान म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचे गाव होते. किम स्टॅन्ली रॉबिन्सनच्या २०१५ मधील 'ऑरोरा' या कादंबरीत असेच गाव आहे, आणि तेथील संकट राक्षसांचे किंवा युद्धाचे नाही. फॉस्फरससारखी मूलद्रव्ये बंद चक्रातून हळूहळू निसटतात, अडकून पडतात, आणि पिके खंगतात.

मराठी कथेतील यान

या पार्श्वभूमीवर मराठीकडे वळू. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठविलेल्या 'कृष्णविवर' या कथेला पारितोषिक मिळाले आणि जयंत नारळीकर (१९३८–२०२५) हे नाव मराठी कथेत दाखल झाले, ही हकिगत सर्वश्रुत आहे. कृष्णविवराच्या सान्निध्यात काळाची गती मंदावते, या सापेक्षता सिद्धांतातील निष्कर्षावर कथा उभी आहे. तो निष्कर्ष वाचकापर्यंत पोहोचतो, आणि उत्तम पोहोचतो. यान मात्र त्या निष्कर्षापर्यंत नेऊन परत आणणारे वाहन एवढेच राहते. 'धूमकेतू'मध्ये पृथ्वीवर आदळू पाहणाऱ्या धूमकेतूकडे अण्वस्त्रे घेऊन यान पाठविले जाते. पण कथेचे खरे नाट्य शोध लावणाऱ्या हौशी निरीक्षकाच्या घरात, शांतियज्ञाच्या धुरात घडते. 'हिमप्रलय'मध्ये मुंबईत बर्फ पडतो तो अविस्मरणीय. त्यावर उपाय म्हणून आकाशात जाणारे अग्निबाण तितके लक्षात राहत नाहीत. निरंजन घाट्यांच्या 'स्पेसजॅक' या शीर्षकाकडेच पाहावे. विमान-अपहरणाला वापरला जाणारा शब्द अवकाशात नेऊन बसविला आहे. म्हणजे यानाची कल्पना करताना डोळ्यांपुढे विमान असते, तेही प्रवाशाच्या आसनावरून दिसणारे.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो हलका नाही. कथेला यानाचे वर्णन कशासाठी हवे? नारळीकरांचे बलस्थान विज्ञानातील एखादी कल्पना माणसाच्या वागण्यावर आदळविणे हे आहे; तेथे खिळे आणि पत्रे मोजत बसणे म्हणजे कथेचा गळा घोटणे. शिवाय लघुकथेचा आवाका लहान असतो. मराठी विज्ञानकथा वाढली ती मुख्यतः मासिके आणि दिवाळी अंकांच्या आश्रयाने, आणि पंधरावीस पानांत यान बांधायचे की माणसे उभी करायची, असा पेच पडला तर कोणताही समंजस लेखक माणसेच निवडील. लेखकांचा अभ्यासविषयही येथे कारणीभूत आहे. नारळीकर सैद्धांतिक खगोलभौतिकीचे. बाळ फोंडके जीवशास्त्राच्या अंगाने लिहिणारे. सुबोध जावडेकरांना पुढे मेंदू आणि संगणक यांनी अधिक खेचले. यंत्ररचना हा यांपैकी कोणाचा ध्यास नव्हता. आणि पडद्यावर यान उभे करील असा विज्ञानपटांचा व्यवसाय मराठीत कधी आकारालाच आला नाही. इंग्रजी लेखकाच्या मागे रेखाटनकारांची, प्रतिकृतीकारांची, मुखपृष्ठांच्या चित्रकारांची पलटण असते. मराठी लेखक एकटा असतो.

ही सर्व कारणे मान्य करूनही मूळ मुद्दा उरतोच. यानाची रचना हा वर्णनाचा विस्तार नसतो. तीत एक विधान दडलेले असते : हे यान बांधणाऱ्या समाजाकडे ऊर्जा किती, पाणी किती, कोण आत झोपतो, कोण दुरुस्ती करतो, घाण कोठे जाते. हे एका परिच्छेदातही सांगता येते. 'एंटरप्राइज'चा गुळगुळीत पृष्ठभाग हे एका वाक्याचे विधान आहे. 'डिस्कव्हरी'चा कणा हेही. जे यान केवळ 'वेगाने निघाले' ते काहीच विधान करीत नाही. ते कोणी बांधले हेही मग कळत नाही. मराठी कथेत अंतराळवीर प्रकाश, वसंत, राजीव असे आपल्या ओळखीचे असतात; यान मात्र कोणत्याच देशाचे नसते.

रिकाम्या जागेत उतरलेली विमाने

वाङ्मयात एखादी जागा रिकामी राहिली म्हणून ती समाजाच्या मनात रिकामी राहत नाही. मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे आकाशवाहनाचा जो आकार ठसला आहे तो विज्ञानकथेतून आलेला नाही. तो बराचसा १९३६ मधील प्रभातच्या 'संत तुकाराम' या चित्रपटातून आला. दामले-फत्तेलालांनी अखेरीस जे गरुडाकृती विमान उतरविले, ते त्यानंतर कॅलेंडरांत, मेळ्यांत, गणेशोत्सवाच्या देखाव्यांत उतरत राहिले. एक मोठा पक्षी आणि त्याच्या पाठीवर आसन. रचना म्हणून ती निर्दोष आहे, असे माझे मत. तिला इंधन नको, कारण ती श्रद्धेवर चालते, आणि चित्रपट दुसरा कोणताही दावा करीत नाही. शिवाय संसारात गुंतलेली आवली खालीच राहते, एवढे वास्तव त्या विमानाला सोबत असते.

दुसरे विमान इतके प्रामाणिक नाही. 'वैमानिक शास्त्र' या नावाने प्रसिद्ध असलेला संस्कृत ग्रंथ भरद्वाज ऋषींच्या नावावर खपविला जातो. प्रत्यक्षात सुब्बराय शास्त्री यांनी तो विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत सांगितला, आणि बंगळुरूतील एका आरेखकाने, एल्लप्पा यांनी, १९२३ मध्ये त्याची चित्रे काढली. शकुन, सुंदर, रुक्म, त्रिपुर अशी चार विमाने. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये या आराखड्यांची वैमानिकीच्या कसोटीवर तपासणी केली. यांपैकी एकही उडू शकणार नाही आणि ग्रंथही प्राचीन नाही, हा त्यांचा निर्णय निःसंदिग्ध होता. योगायोगाने हेच 'कृष्णविवर'चे वर्ष.

साहित्याच्या अभ्यासकाने या चित्रांकडे जरा वेगळ्या नजरेने पाहावे असे मला वाटते. वैमानिकी म्हणून ती निरर्थक असली तरी विज्ञानकथेची चित्रे म्हणून ती तपशिलाने गच्च भरलेली आहेत. दट्टे, नळ्या, जिने, मजले, मोजमापे, धातूंची नावे. रुक्म विमान तर थराथराच्या शिखरासारखे, म्हणजे शिल्पशास्त्रातल्या विमानासारखेच वर निमुळते होत जाते. आरेखक अभियांत्रिकी महाविद्यालयाशी संबंधित होता आणि वाफेच्या युगातील यंत्रशाळा त्याने पाहिली होती. ती त्याने ऋषींच्या नावे आकाशात उडविली. मराठी विज्ञानकथेने आपल्या यानाला जो देह दिला नाही, तो येथे भरभरून आहे.

त्याचा परिणाम वाकोल्यापासून हाकेच्या अंतरावर पाहावयास मिळाला. जानेवारी २०१५ मध्ये भारतीय विज्ञान काँग्रेसचे १०२ वे अधिवेशन मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलात भरले. संस्कृत ग्रंथांतील प्राचीन विज्ञानावरील एका सत्रात, प्राचीन भारतीय विमाने एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर जात असत, अशी मांडणी करणारा निबंध वाचला गेला. आधार होता हाच ग्रंथ. त्याच महिन्याच्या अखेरीस शिवकर बापूजी तळपदे यांच्यावरील 'हवाईजादा' हा हिंदी चित्रपट झळकला. १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर तळपद्यांनी विमान उडविले, या समजुतीला समकालीन भक्कम पुरावा नाही. पण तिचा प्रसार प्रचंड आहे. वैज्ञानिकांनी निषेध केला, वृत्तपत्रांनी चेष्टा केली. दोन्ही योग्यच होते. तरीही एक प्रश्न मराठीच्या शिक्षकांनी स्वतःला विचारायला हवा होता. विद्यार्थ्याला ग्रहांमध्ये हिंडणारे भारतीय यान डोळ्यांसमोर आणायचे असेल, तर त्याला एल्लप्पांच्या चित्रांखेरीज दुसरे कोणते चित्र आपण दिले आहे?

नारळीकरांनी स्वतः प्राचीन प्रगत तंत्रज्ञानाच्या दाव्यांचा प्रतिवाद वेळोवेळी केला. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा असा, की महाविनाशक अस्त्रे किंवा उडणारी वाहने एकटी अवतरत नाहीत. त्यांच्या मागे धातुविद्या, विद्युत, गणित, कारखाने असे संपूर्ण जग लागते, आणि त्या जगाच्या खुणा वर्णनात सापडल्या पाहिजेत. ही कसोटी मला निर्णायक वाटते. ती पौराणिक विमानाला लावली की विमान कोसळते. परंतु तीच कसोटी 'कृष्णविवर'मधील यानाला लावली तर? तेथेही यानामागचे जग शोधावे लागते. अर्थात कथा दावा करीत नाही, ती कल्पना म्हणूनच सादर होते. हा फरक मूलभूत आहे आणि तो पुसण्याचा माझा हेतू नाही. मात्र जो लेखक ही कसोटी इतक्या स्पष्टपणे मांडू शकत होता, त्याच्याच लेखणीतून ती पार करणारे यान उतरले असते तर मराठी कथेचे पुढचे वळण वेगळे झाले असते.

उपनगरातून दिसणारे यान

असे यान आखण्यासाठी लागणारे ज्ञान आपल्याजवळ नव्हते, हे मात्र पटत नाही. मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्या माणसाइतका बंदिस्त निवासाचा अनुभव कोणत्या लेखकाजवळ असेल? दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसांनी पाळीपाळीने झोपायचे, ठराविक तासांत येणारे पाणी पिंपांत साठवून पुरवायचे, कोणती वस्तू कोठे ठेवायची याचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या करायचा. तानसा, वैतरणा, भातसा येथून शंभरेक किलोमीटरचा प्रवास करून येणाऱ्या पाण्यावर हे शहर जगते. नळ बंद झाला की ते किती बंदिस्त आहे याची आठवण होते. अंतराळस्थानकावर घाम आणि मूत्र शुद्ध करून सुमारे ९८ टक्के पाणी परत मिळविता येते, असे नासाने २०२३ मध्ये जाहीर केले. हा आकडा वाचून पाश्चात्त्य वाचक चकित होईल. चाळीतली गृहिणी उरलेल्या दोन टक्क्यांची चौकशी करील.

वाहनाची रचना माणसाच्या घराला कसा आकार देते, हेही सांताक्रूझ-विलेपार्ल्याच्या परिसराला शिकवावे लागत नाही. उतरणाऱ्या विमानाचा मार्ग मोकळा ठेवण्यासाठी येथील इमारतींची उंची बांधलेली आहे. किती मजले चढवायचे हे आधी विमानतळ ठरवितो, मग वास्तुविशारद. वर्गात शिकवताना डोक्यावरून जाणाऱ्या विमानामुळे वाक्य अर्धवट सोडावे लागणे हा येथील अनेक शिक्षकांचा नित्याचा अनुभव असेल. तरीही मराठी कथेतील यान कोठून तरी अधांतरी निघते आणि कोणाच्याही गच्चीची उंची कमी न करता आकाशात नाहीसे होते.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी 'चांद्रयान-३' चंद्राच्या दक्षिण ध्रुवीय प्रदेशात उतरले. २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला अंतराळस्थानकावर राहून आले. यानाची प्रत्यक्ष छायाचित्रे, सोनेरी वेष्टन, चार पाय, सौर तावदाने आता शाळकरी मुलांच्या वह्यांवर आहेत. हा नवा आकार मराठी कथेत कसा उतरतो हे पाहण्यासारखे असेल. एव्हाना तरी 'चकचकीत यान' एवढ्यावर भागणार नाही. ज्या महाविद्यालयांत मराठी आणि भौतिकशास्त्र हे विभाग एकाच जिन्याच्या दोन बाजूंना आहेत, तेथे एक साधा उपक्रम करता येईल. विज्ञानकथा शिकविताना विद्यार्थ्यांना कथेतील यानाचे रेखाचित्र काढायला सांगावे, आणि प्रत्येक रेषेपुढे ती कथेच्या कोणत्या वाक्यातून आली ते लिहायला लावावे. किती रेषांपुढे वाक्य येते, किती रेषा हॉलिवूडमधून आल्या आणि किती कॅलेंडरावरच्या गरुडाकडून, याची मोजदाद दोन्ही विभागांतील सहकाऱ्यांनी शेजारी बसून करावी.